महाजन सरांनी कापायला लावलेला मार्क

बसा, सगळे बसा. मागे दाराशी उभे आहेत त्यांनी पुढे या, सतरंजीवर जागा आहे.

महाजन वहिनी, सरांच्या घरची मंडळी, प्राचार्य साहेब, फोपनारहून आलेले सगळे, आणि मुलांनो.

मला बोलायची सवय आहे. रोज वर्गात बोलतेच. आज मात्र जड जातंय. या हॉलमध्ये मी काही सांगायला उभी राहिले की उजव्या बाजूच्या खुर्चीवरून आवाज यायचा, "मॅडम, एकक राहिलं." मी चिडायची. भर सभेत चिडायची. आज मी उभी राहिले आणि सवयीनं उजवीकडे पाहिलं. तिथं प्राचार्यांची पिशवी ठेवलीय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी सुलभा चौधरी. याच शाळेत केमिस्ट्री शिकवते. महाजन सर फिजिक्स शिकवत. आमच्या दोघांच्या लॅबच्या मधे एकच दार, आणि ते कधी बंद झालं नाही, कारण त्याची कडी तुटली होती आणि दुरुस्त कुणी करायची यावर आमचं भांडण होतं. ते भांडण तसंच राहिलं. गेल्या आठवड्यात सर सकाळी शाळेत यायला निघाले, फोपनारला घरीच बूट घालायला बसले, आणि उठले नाहीत. एवढंच झालं. त्याला कुणी काही करू शकलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले.

माझ्याआधी पाच-सहा जण बोलले. चांगलं बोलले. पण प्रत्येकानं एक वाक्य म्हटलं, की सरांनी आमच्या आयुष्याला दिशा दिली. मंडळी, तुमच्या भावना खऱ्या आहेत, पण सर इथं असते ना, तर हात वर करून विचारलं असतं, "कुठली? पूर्व का पश्चिम?" थट्टा म्हणून नाही. खरंच विचारलं असतं. त्यांना भौतिकशास्त्राचे सुविचार केलेले आवडत नसत. फळ्यावर कुणी लिहिलं होतं, जीवनात वेगापेक्षा दिशा महत्त्वाची. सरांनी ते पुसलं. म्हणाले, "वेगात दिशा असतेच. हे वाक्य चूक आहे. चालीपेक्षा म्हणायचं होतं त्याला." आणि मग अर्धा तास त्यावरच गेला.

आता चाल आणि वेग. मुलांना पाठ आहे, मोठ्यांसाठी सांगते, कारण मला पुढं जे सांगायचंय ते यावाचून कळायचं नाही. इथं मध्य प्रदेशात आमचं पुस्तक हिंदीतलं, घर मराठी, पण हे दोन शब्द दोन्हीकडे तेच. त्यामुळे भाषा बदलली म्हणून गोंधळ झाला, ही सबब सरांपुढे चालत नसे. एखादी वस्तू किती भराभर जाते, ती तिची चाल. किती भराभर जाते आणि कुठल्या दिशेनं जाते, दोन्ही मिळून वेग. झालं. एवढंच आहे.

सर ते शिकवायचे कसे? अकरावीचा अख्खा वर्ग मैदानात न्यायचे. जमिनीत एक खुंटी ठोकायची. खुंटीपासून निघा, मैदानाला पळत फेरी मारा, खुंटीपाशी परत या. पोरं धापा टाकत यायची. सर विचारायचे, "किती पळालात?" पोरं आकडा सांगायची. "किती वेळात?" तेही सांगायची. "मग सरासरी चाल काढा." काढायची. "आता सांगा, निघालात तिथून सरकलात किती?" पोरं खुंटीकडे बघायची. काहीच नाही. "मग सरासरी वेग?" शून्य. एका वर्षी एक पोरगा म्हणाला, "सर, वेग शून्य आहे तं आम्ही दमलो कशाले?" सर गंभीरपणे म्हणाले, "दमण्याचा धडा दिवाळीनंतर आहे."

हसा, हसा. त्यांना चाललं असतं.

कुणी नवी मोटरसायकल घेतली आणि काटा दाखवायला लागला की सर म्हणायचे, "हा काटा चाल सांगतो. वेग पाहायचा असेल तर काट्याबरोबर हँडलही बघ." आमचे शिपाईकाका अजून नवीन गाडी दिसली की हेच सांगतात, आणि वर म्हणतात मी फिजिक्स शिकलोय.

तर असा हा माणूस. सरळ. नको तितका सरळ. मला आज त्यांचा एकच किस्सा सांगायचा आहे, आणि तो सांगण्यामागं माझं एक काम आहे. ते काम मी लपवत नाही. या हॉलमध्ये भिंतीच्या कडेला फोपनारचे भास्करभाऊ पाटील बसलेत. त्यांची मुलगी पल्लवी आमच्याकडे बारावीत आहे. सर गेले त्या दिवसापासून ती शाळेत आलेली नाही; आज आलीय ती भाऊंबरोबर, या सभेपुरती. काल भास्करभाऊ स्टाफरूममध्ये आले, हात जोडले, आणि मला म्हणाले, "मॅडम, पल्लवी आता येनार नाही. परीक्षेचंही राहू द्या." बोर्डाची परीक्षा तोंडावर आली आहे. ती सुटली तर त्या मुलीचं शिक्षण तिथंच थांबलं, हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे, आणि भास्करभाऊंनाही माहीत आहे.

भाऊ, उठू नका. मी तुम्हाला नावं ठेवायला उभी राहिलेली नाही. ऐका फक्त.

मागच्या वर्षी पल्लवी अकरावीत होती. वार्षिक परीक्षेच्या कॉप्या, म्हणजे उत्तरपत्रिका, आमच्या शाळेत तपासल्या जात नाहीत, दुसऱ्या शाळेत जातात. कुठल्या, ते जाऊ द्या. मी तिथं केमिस्ट्रीच्या कॉप्या तपासायला गेले होते. दुपारी पाहते तर महाजन सर दारात. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. पल्लवी फिजिक्समध्ये एका मार्कानं राहिलीय, असं कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं. एका मार्कानं. आणि घरी तिला सांगून ठेवलेलं होतं, की पास झालीस तर बारावी, सप्लीमेंट्री, म्हणजे फेरपरीक्षा, आली तर बस झालं.

सर तिथल्या फिजिक्सच्या सरांना म्हणाले, मला फक्त एक उत्तर दाखवा. प्रश्न असा होता. एक सरळ रस्ता, एका टोकाला शाळा, दुसऱ्या टोकाला नदी. मुलगी शाळेतून निघून नदीपर्यंत जाते आणि अर्ध्या वाटेवर परत येते. सरासरी चाल किती आणि सरासरी वेग किती? पल्लवीनं आकडे बरोबर काढले होते. आणि वेगापुढं लिहिलं होतं, "नदीकडे."

तपासणाऱ्या सरांनी त्याच्याभोवती लाल गोल केला होता. मार्क कापलेला. त्यांचं म्हणणं, दिशा म्हणजे पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण. नदी ही काय दिशा आहे?

आता मंडळी, आपण बऱ्हाणपूरची माणसं. आपल्याकडे उत्तर-दक्षिण कोण बोलतं? शेत कुठं आहे? तापीकडे. गाडी कुठं गेली? खंडव्याकडे. भुसावळकडे. घरात पाहुण्याला संडास सांगायचा तरी आपण म्हणतो, चुलीकडून जा. पोरीनं घरात ऐकलं तेच लिहिलं.

सरांनी वाद घातला नाही. त्या सरांना विचारलं, "साहब, प्रिन्सिपल का कमरा किधर है?" ते म्हणाले, "बाहर निकलो, नल की तरफ जाओ, आखिर में." सर म्हणाले, "नल की तरफ. मैं पहुँच जाऊँगा ना?" ते म्हणाले, "क्यों नहीं पहुँचोगे?" आणि मग त्यांच्या लक्षात आलं. मी कॉप्यांच्या गठ्ठ्यामागं तोंड लपवलं. रस्ता सरळ आहे, त्याला दोनच टोकं आहेत, त्यातलं एक नदी. मग "नदीकडे" ही पुरी दिशा झाली. त्या भल्या माणसानं मान्य केलं. मार्क दिला. पल्लवी पास झाली.

पास झाली! इथं एखाद्यानं काय केलं असतं? नमस्कार केला असता, चहा घेतला असता, आणि बाहेर पडला असता. मीही हातानं खुणावत होते, चला म्हणून. पण सरांनी सवयीनं पान उलटलं. पुढच्या पानावर दगडाचं गणित होतं. उंचावरून दगड सोडला, दोन सेकंदांनंतर त्याचा वेग किती? पल्लवीनं लिहिलं होतं, वीस मीटर प्रति सेकंद. एवढंच. आणि त्याला पूर्ण मार्क होते.

सर थांबले. मी त्यांचा चेहरा ओळखते. मी तिथूनच म्हटलं, "सर, नको." ते म्हणाले, "साहब, यहाँ उसने नीचे नहीं लिखा."

तिथले सर बघतच राहिले. म्हणाले, "महाजन जी, आप आए किसकी तरफ से हो?"

सर म्हणाले, "वेग विचारलाय. दिशा नाही लिहिली तर ती चाल झाली. तिकडे दिशा लिहिल्याचा मार्क मी मागून घेतला. इकडे न लिहिल्याचा कसा ठेवू?" आणि तो मार्क त्यांनी कापायला लावला. पल्लवी परत एका मार्कानं नापास.

मी बसमध्ये... नाही, बस नव्हे, आम्ही रिक्षानं परतलो त्या दिवशी. मी रिक्षात त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. मग बोलले, आणि जे बोलले ते वहिनींसमोर सांगता येणार नाही. "तुम्हाला एक पान न उलटता बसता येत नव्हतं का? पोरीचं वर्ष घालवलंत!" सर म्हणाले, "वर्ष नाही घालवलं. सप्लीमेंट्री आहे." मी म्हटलं, "सप्लीमेंट्रीला तिचा बाप बसू देणार आहे का?" सर म्हणाले, "मग बापाला भेटू."

दुसऱ्या दिवशी आम्ही फोपनारला भास्करभाऊंच्या केळीत गेलो. मीही गेले, कारण मला पाहायचं होतं हा माणूस काय सांगतो. तोड चालू होती, बांधावर घड रचलेले होते. भास्करभाऊ म्हणाले, "सर, पोरगी फेल झाली. मंग आता कायले धाडू तिले?" पल्लवी तिथंच उभी होती, मान खाली. आणि सरांनी काय केलं? प्रस्तावना नाही, काही नाही. म्हणाले, "भाऊ, पास झाली होती. मीच तिचा मार्क कापायला लावला."

भास्करभाऊंच्या हातातला कोयता तसाच राहिला. मला वाटलं, आता काही खरं नाही.

"कशासाठी?"

सरांनी उलट विचारलं, "तुमची दिल्लीची गाडी मागच्या साली वाया गेली होती, ती कशी?"

हे फोपनारमध्ये सगळ्यांना माहीत आहे. माल भरून दिल्लीची गाडी निघाली. भास्करभाऊ रात्रीपासून ड्रायव्हरला फोन करत होते. तो म्हणे, साठनं चाललोय, काळजी करू नका. दर वेळी साठनं चाललोय. आणि गाडी होती भुसावळच्या बाजूला, दिल्लीच्या अगदी उलट. त्याच्या मेव्हणीचं लग्न होतं. लग्न लावून तो दिल्लीला निघाला, तोवर केळी गाडीतच पिकली.

सर म्हणाले, "ड्रायव्हर खोटं बोलला होता का?"

भास्करभाऊ भडकले. "खोटं कायले बोलन? साठनंच चालला होता. पण कोनीकडे? त्यानं कोनीकडे ते सांगलंच नाही ना!"

"पोरीनं तेच केलं," सर म्हणाले. "किती भराभर ते लिहिलं. कुठल्या बाजूनं ते लिहिलं नाही."

भास्करभाऊंनी कोयता बांधावर ठेवला. मग पल्लवीकडे वळले. आणि मंडळी, मला वाटलं पोरीला मारतात की काय. पण ते म्हणाले, "येवढे दिवस घरात रोज तेच बोलनं चालू होतं. आन् तुले पेपरात ते लिहायचं सुचलं नाही?" पोरगी रडता रडता हसली. मीही हसले. एकटे सर हसले नाहीत. ते म्हणाले, "उन्हाळ्यात मी तिची तयारी करून घेतो. सप्लीमेंट्रीला बसवा."

तेव्हा भास्करभाऊंनी शब्द दिला. मी तिथं उभी होते, मी ऐकला. ते म्हणाले, "सर, तुम्ही हायेत तोवर ती शिकन. तुमच्याच बसनं जाईन, तुमच्याच बसनं येईन." सर म्हणाले, "ठीक." झालं बोलणं. आपल्याकडे केळीचा सौदा असाच होतो. कागद नाही, सही नाही. माणसानं माणसाला शब्द दिला की दिला. आणि ज्याला दिला तो माणूस नसला, की सौदाही राहत नाही.

परत येताना मी सरांना म्हटलं, "तुम्ही आहात तोवर, हे लक्षात घेतलंत ना?" सर म्हणाले, "रिटायर व्हायला वेळ आहे." आमच्या दोघांच्या डोक्यात रिटायरमेंट होती. दुसरं काही नव्हतं. कसं असणार?

पल्लवी सप्लीमेंट्री पास झाली. पहिली आली वगैरे काही नाही. पास झाली. मुलांनो, पल्लवी काही फार हुशार आहे असं मी खोटं सांगणार नाही. गणित तिला उशिरा सुटतं. पण सुटतं. सर मला म्हणायचे, "हळू आहे, पण मागं येत नाही ती." मी म्हणायची, "सर, हा सुविचार झाला." ते म्हणायचे, "नाही, हे निरीक्षण आहे."

वर्षभर ती त्यांच्याबरोबर बसनं आली, त्यांच्याबरोबर गेली. आमच्याकडे अप-डाउन करणारे पुष्कळ आहेत. सगळे बसमध्ये झोपतात. हे दोघं खिडकीतून बाहेर बघत वाद घालायचे, असं कंडक्टर सांगतो. बस वळणावर आली की सर विचारायचे, "काटा तेवढाच आहे. वेग बदलला का?" ती म्हणायची, "बदलला." "का?" "बस वळली." बसमधल्या बायका म्हणायच्या, हे काय रोज रोज.

आणि आता सर नाहीत.

काल भास्करभाऊ मला म्हणाले, "मॅडम, जबान सरांना दिली होती. सर गेले. माझ्याकून शब्द मोडला नाही." खरं आहे. मी रात्रभर विचार केला, यात चूक कुठं काढायची? चूक नाही. त्यांनी शब्द पाळला. तोवर म्हणाले होते, तोवर पाठवलं. आणि खरं कारणही मला माहीत आहे. बसमध्ये आता सोबत नाही. वयात आलेली मुलगी, हिवाळ्यात लवकर अंधार पडतो, बस कधी येते कधी येत नाही. बापाचा जीव आहे. मला तो खोटा म्हणायचा नाही.

म्हणून मी तुम्हाला जुना शब्द पाळा असं म्हणत नाही, भाऊ. तो संपला. मी नवा मागते. मला द्या.

सोबत नाही ना? परीक्षा होईपर्यंत पल्लवी माझ्या घरी राहील. माझं घर शाळेपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, घरात मी आणि माझी सासू. सासूबाईंना विचारलंय. त्या म्हणाल्या, मला रात्री गोळ्या द्यायला कुणीतरी होईल. दर रविवारी तुम्ही येऊन पाहून जा, घेऊन जा, आणून सोडा. फिजिक्सला अतिथी शिक्षक कधी मिळतील, ते प्राचार्य साहेबांनाही सांगता येत नाही. तोवर मी शिकवीन. मला सरांसारखं येत नाही. मी केमिस्ट्रीची. पण वर्षानुवर्षं त्या उघड्या दारातून मी फिजिक्स ऐकलंय, इच्छा असो नसो. त्यातलं बरंच डोक्यात राहिलंय.

शोकसभेत असं बोलत नाहीत, मला कळतं. चार माणसांत कुणाला असं अडवू नये, तेही कळतं. वहिनी, तुमच्या दुःखाच्या दिवशी मी हे काढलं, मला माफ करा. पण वहिनींनी मला सकाळी फोन केला होता. त्या म्हणाल्या, "ती मुलगी दिसत नाही हो बसला." स्वतःच्या घरात हे सगळं झालेलं असताना त्यांना ते दिसलं. मग मी गप्प कशी बसू?

मला रडता येत नाही, तुम्ही सगळे ओळखता मला. सर गेल्यापासून मी रडले नाही. काल भास्करभाऊ पाठ फिरवून गेले तेव्हा रडले. सर गेले याला माझा इलाज नाही. याला आहे.

बस. जास्त बोलले. सर, तुम्हाला माझा नमस्कार. तुमच्याशी भांडायला कुणी उरलं नाही, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

आता आपण सगळे उभे राहू. मुलांनो, सतरंजीवरून सावकाश उठा. वहिनी, तुम्ही बसून राहिलात तरी चालेल. पल्लवी, तू इकडे वहिनींजवळ ये. दोन मिनिटं इथं कुणी काही बोलणार नाही.

भास्करभाऊ, त्यानंतर तुम्ही बोला.